प्रोसेसमध्ये आहे

पुण्यात एके काळी नकार मुबलक होता आणि फुकट होता. दुकानात पाऊल टाकायच्या आधी तो पाटीवर लिहिलेला असे, आत गेल्यावर तोंडी मिळे. घरमालक अर्धवट उघडलेल्या दारातून नकार देत आणि तेवढ्याच फटीतून त्याचं कारणही सांगत. रिक्षावाला तर आजही ‘हिंजवडी’ हा शब्द पुरता ऐकून घेत नाही. हनुवटी जराशी हलते, रिक्षा पुढे जाते, व्यवहार संपतो. त्यात अपमान नसतो असं माझं म्हणणं नाही, पण जो काही असतो तो रोखीचा असतो. चितळ्यांनी २०१७ साली दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं तेव्हा शहरात जी खळबळ उडाली, ती बाकरवडीच्या चिंतेने नव्हती. एक खात्रीचा नकार गेला, याची ती हळहळ होती.

अशा शहरात वाढलेल्या माणसावर हिंजवडीतल्या कंपन्यांमध्ये मुलाखती द्यायची पाळी यावी, हा दैवाचा विनोद आहे. तिथे नकार मिळतच नाही. होकारही मिळत नाही. जे मिळतं त्याला ‘प्रोसेस’ म्हणतात आणि आपण तिच्यात असतो.

मी व्यवसायाने टेक्निकल रायटर. सॉफ्टवेअर कसं वापरावं याची माहितीपुस्तकं लिहितो. लोक ती सॉफ्टवेअर अडकल्यावर उघडतात आणि मग सॉफ्टवेअर सोडून मला शिव्या देतात. आमच्या कंपनीत ‘रिस्ट्रक्चरिंग’ झालं. कॅन्टीनशेजारचं टेबल टेनिस राहिलं, डॉक्युमेंटेशन विभाग गेला. माहितीपुस्तकं आता कृत्रिम बुद्धिमत्ता लिहील, असं आम्हाला एका मीटिंगमध्ये सांगण्यात आलं. त्या मीटिंगचं इतिवृत्त मात्र मलाच लिहायला लावलं.

मग नोकरीच्या पोर्टलवर प्रोफाइल टाकलं. जाणकारांनी सल्ला दिला की रोज सकाळी प्रोफाइलमध्ये काहीतरी बदल करावा, म्हणजे आपण यादीत वर येतो. तेव्हापासून मी रोज सकाळी दात घासून झाले की एक स्वल्पविराम काढतो आणि दुसऱ्या दिवशी तो परत घालतो. पंधरा-सतरा वर्षांच्या अनुभवाचं सार त्या स्वल्पविरामावर तोललेलं आहे.

फोन येतात. बोलणारी मुलगी गोड असते आणि घाईत असते. “सर, करंट सीटीसी? एक्स्पेक्टेड? नोटीस पिरियड?” या धंद्यात नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असणं अगदी नेहमीचं आणि नवीन माणूस मात्र प्रत्येकाला उद्या सकाळी हवा. आपल्या माणसाला तीन महिने सोडायचं नाही आणि दुसऱ्याचा माणूस तीन दिवसांत आला पाहिजे, या तत्त्वावर अख्खा उद्योग उभा आहे. मी म्हणालो, “मी लगेच येऊ शकतो.” पलीकडे क्षणभर शांतता. “म्हणजे सर, सध्या जॉब नाहीये?” लगेच येणारा माणूस हवा, पण तो लगेच येऊ शकतो याचा अर्थ त्याच्यात काहीतरी खोट असणार.

तरीही एके ठिकाणी गाडी पुढे सरकली. कंपनीचं नाव सांगत नाही. एक तर शोभत नाही, आणि दुसरं म्हणजे मी अजून प्रोसेसमध्ये आहे.

पहिली पायरी फॉर्मची. त्यांनी रेझ्युमे अपलोड करायला सांगितला, मी केला. पुढच्याच पानावर रेझ्युमेतली सगळी माहिती चौकटीत हाताने भरायला सांगितली. मग दहावीची टक्केवारी. ही बाब माझ्या आकलनापलीकडची आहे. मी आजवर काय लिहिलं, कुणासाठी लिहिलं, यावरून फॉर्म झरझर पुढे गेला आणि दहावीशी येऊन थांबला. दहावी ते पदवी ‘साठ टक्के थ्रूआउट’ अशी त्यांची अट. थ्रूआउट! माझ्या दहावीच्या भूगोलाने मला अर्धपोटी मार्क दिले होते. तेव्हा वाटलं होतं की वडिलांची बोलणी खाऊन विषय मिटला. तो मिटला नव्हता, प्रोसेसमध्ये होता.

अशा वेळी मला लिओनार्दो दा विंची आठवतो. १४८२ च्या सुमारास त्याने मिलानच्या लुदोव्हिको स्फोर्झाकडे नोकरी मिळावी म्हणून पत्र लिहायला घेतलं. त्याचा मसुदा आजही पाहायला मिळतो. मला हलके पूल बांधता येतात, तोफा करता येतात, शत्रूचे किल्ले पाडता येतात, असं दहा कलमांत सांगून झाल्यावर शेवटी जाता जाता त्याने म्हटलंय की चित्रंही काढतो. त्याला मिलानमध्ये काम मिळालं आणि ‘द लास्ट सपर’ हे भित्तिचित्र पुढे त्याच स्फोर्झाच्या पदरी असताना झालं. हाच अर्ज त्याने आमच्या पोर्टलवर केला असता, तर ‘टोटल एक्स्पीरियन्स इन कॅनन्स’ या चौकटीत आकडा नाही म्हणून ‘सबमिट’चं बटण करडंच राहिलं असतं.

दुसरी पायरी ऑनलाइन परीक्षेची. कॅमेरा चालू ठेवायचा, मान इकडेतिकडे करायची नाही, खोलीत दुसरं कुणी असता कामा नये. शेवटची अट घालणाऱ्याने सदाशिव पेठेतलं दोन खोल्यांचं घर बघितलेलं नसावं. आगगाड्या समोरासमोर आल्या, नळांनी टाक्या भरल्या, रिकाम्याही केल्या. मग नात्यांचे प्रश्न सुरू झाले. फोटोतल्या बाईकडे बोट दाखवून एक माणूस म्हणतो, ‘हिच्या भावाचे वडील हे माझ्या आजोबांचे एकुलते एक चिरंजीव.’ तर ती बाई त्याची कोण? मी कागदावर बाण काढत बसलो होतो. आई कोथिंबिरीची जुडी निवडत मागून गेली, जाता जाता स्क्रीनवर नजर टाकली आणि म्हणाली, “बहीण. एवढा काय विचार करतोस?” तिचं उत्तर बरोबर होतं. मी अजून आजोबांपाशी होतो. पण तोवर स्क्रीनवर लाल अक्षरं आली होती : दुसरा चेहरा आढळला आहे.

दुसरा चेहरा हा या घरातला जास्त हुशार चेहरा आहे, हे कळवायची सोय त्या परीक्षेत नव्हती.

अशा परीक्षांचं खूळ नवीन नाही. १९२१ साली थॉमस एडिसनने उमेदवारांसाठी शे-दीडशे प्रश्नांची एक चाचणी काढली होती. फ्रान्सला लागून कोणकोणते देश आहेत, व्होल्गा नदी कुठे आहे, असले प्रश्न. म्हणजे पुन्हा भूगोलच. ते प्रश्न वर्तमानपत्रात फुटले आणि अमेरिकाभर लोक एकमेकांच्या परीक्षा घेऊ लागले. त्याच वर्षी आइनस्टाइन अमेरिकेत गेला होता. बोस्टनमध्ये कुणीतरी त्याला त्यातलाच एक प्रश्न टाकला, ध्वनीचा वेग किती? तो म्हणाला की ते पुस्तकात सापडतं, असल्या गोष्टी मी डोक्यात बाळगत नाही. बाणेदार उत्तर आहे. आमच्या पोर्टलवर मात्र त्यापुढे ‘नॉट अटेम्प्टेड’ एवढंच दिसलं असतं.

मी पास झालो. आईच्या एका गुणासकट.

मग आलं असाइनमेंट. ‘छोटंसं’ असं त्यांनीच म्हटलं होतं. त्यांच्याच एका नव्या सॉफ्टवेअरची संपूर्ण माहितीपुस्तिका, इन्स्टॉलेशनपासून अडचणींच्या निवारणापर्यंत, चित्रांसह, सोमवारी सकाळी नऊच्या आत. शनिवार-रविवार त्यात गेला. मी मनाशी म्हटलं, हा माझ्या कामाचा नमुना आहे, आणि नमुना तर दाखवायलाच हवा. पण सुताराची परीक्षा घेताना त्याच्याकडून आपल्या घरातलं कपाट करून घेण्याची पद्धत अजून रूढ झालेली नाही. सुतार कपाट तिथेच उभं करून रंध्याचं पातं साफ करू लागेल आणि मग पैशांचं काय ते बोलूनच जाईल.

त्यानंतर टेक्निकल राउंड, व्हिडिओवर. माझा कॅमेरा चालू असणं आवश्यक, त्यांचा नव्हता. स्क्रीनवर काळ्या पार्श्वभूमीवर जांभळं वर्तुळ आणि त्यात दोन अक्षरं. त्या दोन अक्षरांकडे बघून मी इस्त्रीच्या शर्टात हसत बसलो होतो. खाली हाफ चड्डी होती, ती प्रथा आता सर्वमान्य आहे. त्यांच्याकडे मागे कुकर लागला होता. पहिल्या शिट्टीला त्यांनी मला माझ्याबद्दल सांगायला सांगितलं. दुसऱ्या शिट्टीला ‘इंटरेस्टिंग’ म्हणाले. तिसरीला “जस्ट अ मिनिट” म्हणून उठून गेले, आणि त्यांची डाळ वेळेवर उतरवली गेली याचं मला मनापासून बरं वाटलं. परत आल्यावर त्यांनी विचारलं, “पुण्यात रोज किती वडापाव खपत असतील? अंदाज कसा काढाल?”

गूगलमध्ये असली कोडी विचारायची फॅशन होती. तिथले मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लास्लो बॉक यांनीच २०१३ साली जाहीर सांगून टाकलं की या कोड्यांवरून माणसाचं काही कळत नाही, फक्त विचारणाऱ्याला आपण फार हुशार आहोत असं वाटत राहतं. पण गूगलने टाकलेल्या फॅशनी आमच्याकडे उतरायला वेळ लागतो. मी लोकसंख्या, वडापाव खाणारे, उपवासाचे वार, असा हिशेब मांडत गेलो. चतुर्थी वजा केली तेव्हा जांभळं वर्तुळ थोडं प्रभावित झाल्यासारखं वाटलं. अर्थात वर्तुळाचं काय सांगावं.

आणि मग प्रत्यक्ष बोलावणं. फेज थ्री. सदाशिव पेठेतून हिंजवडीला जाणं हीच खरं तर स्वतंत्र फेरी आहे आणि तिचे गुण धरायला हवेत. वाकडच्या पुलाखालून पुढे सरकताना माणसाची सहनशक्ती, वेळेचं नियोजन, संघभावना आणि तणावाखाली निर्णय घेण्याची क्षमता हे सगळं एकदम तपासलं जातं. मेट्रोच्या खांबांखाली मी इतका वेळ उभा होतो की त्यांचे आकडे पाठ झाले. मुलाखत अकराची होती. मी साडेदहाला पोचलो, कारण मी निघालो आठला.

गेटवर एक काका होते. त्यांनी रजिस्टर पुढे केलं, लॅपटॉपचा सिरियल नंबर लिहून घेतला, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली आणि विचारलं, “कितवा राउंड, दादा?”

“फायनल म्हणाले.”

काकांनी रजिस्टर चार-पाच पानं मागे उलटलं. “हे बघा, याच पोस्टला आलेले. हे, हे आन हे. सगळे फायनलच होते.” मग मी मधल्या चकचकीत लिफ्टकडे वळलो, तसा मागून आवाज आला, “ती न्हाई. ती स्टाफची हाय. तुम्ही जिन्यानं जा.” अख्ख्या प्रोसेसमध्ये मला मिळालेला हा एकमेव स्पष्ट नकार. मला गहिवरून आलं.

वर सोफ्यावर बसवलं. भिंतीवर ‘आपण एक कुटुंब आहोत’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं. कॉफीचं मशीन होतं, पण त्याला स्टाफचं कार्ड लागत होतं. मॅनेजर कॉलवर होते. कॉल संपला तेव्हा जेवायची वेळ झाली होती, म्हणून ते जेवायला गेले. अकराची मुलाखत पावणेदोनला सुरू झाली आणि त्यांनी पहिलं वाक्य टाकलं, “तुमचं असाइनमेंट चांगलं आहे. तिसरा चॅप्टर जरा वाढवून मिळेल का, मंगळवारपर्यंत? क्लायंटला...” इथे ते थांबले. मीही थांबलो. शेजारच्या एचआर बाईंनी घाईघाईने मला पाणी दिलं.

मग नेहमीचे प्रश्न. तुमचा एक दुर्गुण सांगा. इथे खरा दुर्गुण सांगायचा नसतो. सद्गुणाला थोडी माती फासून तो पुढे ठेवायचा, ‘मी कामात फारच परिपूर्णतेच्या मागे लागतो’ वगैरे. पुण्याच्या माणसाला हे अवघड जातं. आमचे दुर्गुण आम्हाला कधी स्वतः सांगावे लागलेले नाहीत, त्यासाठी शेजारी असतात. नंतर, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? मी उलट विचारलं की हे प्रोजेक्ट किती काळ चालेल. “सध्या पुढच्या क्वार्टरपर्यंत तरी आहे,” ते म्हणाले. म्हणजे पाच वर्षांचं बघायचं काम माझ्याकडे होतं, त्यांचं तीन महिन्यांवर भागत होतं.

मुलाखती कशा घ्याव्यात हे जगाला ठाऊक नाही असंही नाही. श्मिट आणि हंटर या दोन संशोधकांनी १९९८ साली तोवरच्या पंच्याऐंशी वर्षांच्या अभ्यासांचा हिशेब मांडला होता. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, तीच मोजपट्टी, अशी आखीव मुलाखत बऱ्यापैकी उपयोगाची ठरते. नुसत्या गप्पा तिच्याहून कमी. हस्ताक्षरावरून माणूस ओळखण्याचा उपयोग जवळजवळ शून्य. मोटारीच्या रांगेत घामेजलेल्या शर्टावरून ओळखण्याचा आकडा त्यात नाही, पण माझी अपेक्षा माफक आहे. आणि आपल्या केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखती बंदच करून टाकल्या. सरकारी कचेरीने एक फेरी कमी केली, हे वाक्य लिहिताना माझा हात थरथरतो आहे.

शेवटी एचआरच्या बाईंनी पगाराच्या स्लिपा घेतल्या, पॅन, आधार, जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, दहावीची गुणपत्रिका (भूगोल!), सगळं घेतलं. हसल्या. “आम्ही कळवतो.”

तिथून पुढचा काळ मोजायचा नाही असं मी ठरवलं आहे. मेल केलं, तर ‘फीडबॅक पॉझिटिव्ह आहे’ असं उत्तर. मग ‘प्रोफाइल होल्डवर आहे’. मग मॅनेजमेंटची मंजुरी बाकी. मग मार्च एंड. मग अप्रेझल्स चालू आहेत. मग मी पाठवलेलं मेल परत आलं, कारण त्या बाईच कंपनी सोडून गेल्या होत्या. त्या लगेच जॉइन होणाऱ्या निघाल्या बहुधा. पोर्टलवर मात्र अजूनही हिरव्या अक्षरांत ‘अंडर रिव्ह्यू’ दिसतं. मध्ये एकदा त्यांचं मेल आलं, मी घाईने उघडलं. आमच्या निवडप्रक्रियेचा अनुभव कसा वाटला, एक ते दहामध्ये गुण द्या. पाठवणाऱ्याचा पत्ता : नो-रिप्लाय.

माझ्या वडिलांनी सत्तरच्या दशकात नोकरी शोधली. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या रांगेत उभं राहून नाव नोंदवायचं, कार्ड वेळेवर रिन्यू करायचं, पोस्टमनची वाट बघायची. त्यांची फाइल आमच्या माळ्यावर आहे. त्यात नकारपत्रं आहेत, तारखेनुसार लावलेली. वर लेटरहेड, जावक क्रमांक, मध्ये टाइपरायटरवर उमटलेला खेद, खाली शाईची सही. एका पत्रात तर नावातली चूक पेनने दुरुस्त करून बाजूला आद्याक्षरं केली आहेत. ज्याला नोकरी द्यायची नाही त्याचं नाव तरी बरोबर असावं, असं त्या हेडक्लार्कला वाटलं होतं. वडिलांना नोकरी नाकारणारी एक बँक होती, तिच्यात त्यांनी पुढे जन्मभर खातं ठेवलं. मला आता एखाद्या कंपनीबद्दल असा आदर वाटायचा म्हटला तरी कशावर वाटणार? सही नाही, जावक क्रमांक नाही.

परवा मी आंघोळीला गेलो असताना फोन वाजला, आईने घेतला. बाहेर आलो तेव्हा ती खुर्ची ओढून बसली होती आणि बोलणं रंगात आलं होतं. “अगं, मग डबा कुठून लावतेस?... पोळ्या कशा असतात?... छे, एवढ्याला चार म्हणजे लूट आहे.” मी खुणा केल्या, तिने मला हाताने गप्प बसवलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, “तुझ्या त्या हिंजवडीच्या कंपनीतून होता. नवीन मुलगी आहे. लातूरकडची. वाकडला पीजीत राहते, खोलीत चौघी.”

“काय म्हणाली?”

“अरे, ती त्या कंपनीची नाहीच. कुठल्या एजन्सीच्या पगारावर आहे, महिनाअखेर कॉन्ट्रॅक्ट संपतंय. तिनेच बाणेरला कुठेतरी मुलाखत दिलीये. चार फेऱ्या घेतल्या मेल्यांनी, आणि आता कळवतो म्हणाले. मी तिला स्पष्ट सांगितलं, बाई गं, ते काही कळवणार नाहीत, तू आपलं दुसरं बघ. रडवेली झाली होती बिचारी, पण मग म्हणाली, बरं झालं आजी कुणीतरी सांगितलं.”

“आणि माझं? माझ्यासाठी फोन केला होता ना तिने?”

“तुझं विचारायचं राहिलंच,” आई चष्मा पुसत म्हणाली. “पण जोशीकाकूंच्या भाच्याचं सीएचं ऑफिस आहे ना, लक्ष्मी रोडला? तिथे तिच्यासाठी शब्द टाकते म्हटलंय. तिचा बायोडेटा तुझ्या फोनवर पाठवायला सांगितलाय, तेवढा प्रिंट काढून आण. हुशार आहे हो पोरगी. दहावीला ब्याण्णव टक्के आहेत.”